बीएमडब्ल्यू ई९२ एम३ (एस६५ इंजिन): थ्रॉटल अॅक्च्युएटर उघडून दुरुस्त करायचा की सरळ नवा टाकायचा?

घाटमाथा_व्ही८, पुणे

मंडळी, गाडी २००९ ची ई९२ एम३, डीसीटी (दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), इंजिनाला हात लागलेला नाही. इंजिन पूर्ण तापलं आणि गाडी सिग्नलच्या रांगेत रेंगाळत असली की इंजिन लाइट आणि डीएससीचा (घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा एकदम लागतात, गाडी मरगळते. पॅडल तळाला लावलं तरी पिकअप जेमतेम. बंद करून पुन्हा स्टार्ट केली की काही झालंच नाही अशी पळते. थंड इंजिनावर हे होत नाही.

एका गॅरेजने साधा स्कॅनर लावला, "थ्रॉटलचा कोड आहे, दोन्ही अॅक्च्युएटर बदला" (म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपा उघडणारे मोटरचे डबे) म्हणून सांगितलं आणि आकडा ऐकवला. नेटवर मात्र आतल्या गियरची किटं दिसतात, किंमत नव्या अॅक्च्युएटरच्या पासंगालाही पुरत नाही. किट टाकून काम भागतं का? की एवढं सगळं खोलायचंच आहे तर नवा टाकून मोकळं व्हावं? आणि एकच गेला असेल तर दुसऱ्याला हात लावावा का?

---

पाना_नंबर_१०

आकडा बाजूला ठेवा. कोडमध्ये "थ्रॉटल" दिसलं की सगळं खापर अॅक्च्युएटरवर फुटतं, आणि बऱ्याचदा तो निर्दोष असतो.

एस६५ मध्ये आठ सिलिंडरांना आठ स्वतंत्र झडपा आहेत. चारचारची बँक (सिलिंडरांची रांग), प्रत्येक बँकेचा एक शाफ्ट आणि प्रत्येक शाफ्टला एक अॅक्च्युएटर. दोन्ही अॅक्च्युएटर व्हीच्या खोबणीत, प्लेनमच्या (झडपांवर बसणाऱ्या हवेच्या पेटीच्या) खाली, म्हणजे उष्णता जिथून कुठेच जात नाही अशा जागी बसवलेत. आत छोटी डीसी मोटर, तिच्यापुढे प्लॅस्टिकचे गियर, गियरच्या शाफ्टवर आर्म. आर्मपासून दोन टोकांना बॉल-सॉकेट असलेली दांडी निघते आणि थ्रॉटलचा शाफ्ट फिरवते. मोटर चालवणारा बोर्डसुद्धा अॅक्च्युएटरच्या पोटातच. एमएसएस६० डीएमई (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्याला कॅन बसवरून (संदेशांच्या वायरीवरून) "एवढं उघड" इतकंच सांगतं. झडप खरोखर किती उघडली हे कळायला थ्रॉटल शाफ्टवर वेगळा पोझिशन सेन्सर आहे.

म्हणजे तुमचं दुखणं चार ठिकाणी असू शकतं: गियर, बोर्ड, पोझिशन सेन्सर, नाहीतर वायरिंग आणि कनेक्टर. गियर किट यातल्या एकाच आजारावरचं औषध आहे.

साध्या ओबीडी डोंगलने हे कळणार नाही. आयएसटीए किंवा आयएनपीए (बीएमडब्ल्यूची निदान सॉफ्टवेअर) लावून डीएमईतल्या कोडचा पूर्ण मजकूर वाचा, सोबतची नोंदही वाचा: त्या क्षणी आरपीएम किती, कूलंटचं तापमान किती, व्होल्टेज किती. व्होल्टेज फार खाली दिसलं तर आधी डिकीतली बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून लोड टेस्ट करा, मगच पुढे. मेलेल्या बॅटरीवर ही गाडी इतके खोटे कोड दाखवते की त्यात खरा हरवतो.

मग थेट डेटा. इंजिन चांगलं तापवून बंद करा, फक्त इग्निशन ऑन ठेवा, आणि पॅडल दहा सेकंद घेऊन सावकाश दाबा, तेवढ्याच सावकाश सोडा. दोन्ही बँकांचा अपेक्षित कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारीशेजारी बघा.

प्रत्यक्ष कोन ठरावीक जागीच अडखळत असेल, मागे राहून मग उडी मारत असेल, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा त्याच कोनावर, तर गियर. आकडा मध्येच वेडावाकडा नाचतोय पण बॉनेटखालून येणारा मोटरचा आवाज एकसंध आहे, तर सेन्सर किंवा त्याची वायर. अॅक्च्युएटर अख्खाच गायब, "संपर्क नाही" असा कोड, तर कनेक्टर, वायरिंग किंवा बोर्ड. तुमचं दुखणं फक्त तापल्यावर येतं म्हणून बोर्डाचा संशय आत्ताच काढून टाकू नका. चिरलेला सोल्डर नेमका असाच वागतो.

आणखी एक. अमेरिकन लेखांमध्ये बँक १ म्हणजे पॅसेंजरची बाजू असं लिहिलेलं असतं. बँक १ ही चालकाच्या सीटवरून पुढे पाहताना उजवीकडची, सिलिंडर १ ते ४. आपल्या गाड्यांना स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे ती ड्रायव्हरची बाजू. उलटं वाचून चांगला अॅक्च्युएटर काढून ठेवणारे कमी नाहीत.

---

घाटमाथा_व्ही८

काका, आभार. बॅटरी १२.६, ठीक आहे. आयएनपीएवर बघितलं: बँक १ अगदी सरळ रेघेत. बँक २ सुरुवातीच्या थोड्या उघडीपाशी अडकते आणि एकदम पुढे सरकते. सोडतानाही तिथेच. पुढे पार शेवटपर्यंत दोन्ही सारख्या. कोड बँक २ चाच, अॅक्च्युएटर जड चालतोय अशा अर्थाचा. संपर्काचा एकही कोड नाही.

---

नायलॉनचा_दात, नाशिक

मग हे गियरच. पुस्तकातलं लक्षण.

सुरुवातीलाच का अडकतं ते बघा. चार लिटरच्या इंजिनाला आठ मोठ्या झडपा दिल्यात, ८३०० आरपीएमला ४२० पीएस काढायचे म्हणून. त्यामुळे शहरातल्या वेगाला लागणारी हवा झडपा जराशा किलकिल्या झाल्या तरी मिळते. म्हणजे गाडी आयुष्यातला बहुतेक काळ गियरच्या त्याच दोन-तीन दातांवर काढते. कंट्रोलर तिथे सेकंदाला कितीतरी वेळा पुढे-मागे करत असतो, वर व्हीमधली उष्णता, ग्रीस वाळून कडेला सरकलेलं. दात झिजतो, खेळ वाढतो, मोटर त्या खेळातून जाऊन आदळते, आणि झीज आणखी वाढते. पुढे एक दिवस अपेक्षित आणि प्रत्यक्ष कोनातला फरक डीएमईच्या मर्यादेबाहेर जातो आणि लिम्प मोड (इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करणं) लागतो. झिजलेल्या दातांच्या पलीकडचे दात कोरे असतात, म्हणून हायवेवर गाडी छान पळते आणि सिग्नलला मान टाकते.

या अवस्थेत दुरुस्ती नक्की करण्यासारखी आहे, पण झाकण काढल्यावर तीन गोष्टी बघून मगच किट बसवा.

एक, मोटरच्या टोकावरचं छोटं पिनियन (दातेरी चाक). भिंग घेऊन बघा. त्याच्या दातांना एका बाजूने धार आली असेल तर नवा गियर बसवून उपयोग नाही, पिनियन त्याला लवकरच खाऊन टाकेल. दोन, बोर्ड आणि त्याचे जोड. काळवंडलेली जागा, सोल्डरभोवती गोल चीर, ओल शिरल्याचे हिरवट डाग, यातलं काहीही दिसलं तर तो अॅक्च्युएटर बाजूला ठेवा. तीन, आर्मच्या शाफ्टचा आडवा खेळ. गियर नवे आणि शाफ्ट डुलतोय तर दात पुन्हा तिरके बसणार.

उघडताना: प्रत्येक टप्प्याला फोटो. गियर काढण्याआधी सुईने शेजारच्या दोन दातांवर जुळणीची खूण करा. परतीच्या स्प्रिंगला आधीच ताण दिलेला असतो; तो सुटला आणि एका दाताने चुकून बसला तर आर्मची बंद जागा बदलते आणि शिकवणी (बसवल्यावर अॅक्च्युएटरने स्वतःची बंद जागा शोधणं) कधीच पूर्ण होत नाही. चुंबक गियरमध्येच रुतवलेला असेल तर नव्या गियरमध्ये त्याची दिशा अंशभरही चुकता कामा नये.

सफाई आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने. ब्रेक क्लीनर, कार्ब क्लीनर आत मारू नका, प्लॅस्टिक आणि बोर्डावरचं कोटिंग दोन्ही खराब होतं. ग्रीस सिंथेटिक, प्लॅस्टिकला चालणारं आणि १५० अंशांपर्यंत टिकणारं. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस चालणार नाही. दातांवर पातळ थर पुरे, वाटाण्याएवढं संपूर्ण गियरला भरपूर होतं. जास्त भरलं की तापून बोर्डावर उडतं. झाकणाचं सील जुनं वापरू नका. तिथून ओल शिरली की पुढच्या पावसाळ्यात बोर्ड जातो आणि लोक किटाला शिव्या देतात.

बंद केल्यावर गाडीत बसवण्याआधी आर्म हाताने अगदी हळू पूर्ण फिरवा. कुठेही खडखड नको, आणि सोडल्यावर तो आपोआप बंद जागी परत आलाच पाहिजे.

---

घाटमाथा_व्ही८

किटांमध्ये पितळी आणि स्टीलचे गियरही आहेत. "आयुष्यभराची काळजी मिटली" म्हणून विकतात. घ्यावेत का?

---

नायलॉनचा_दात, नाशिक

माझं मत, घेऊ नयेत. पितळी गियर झिजत नाही हे खरं, पण झीज कुठे जाते? पिनियनवर आणि मोटरच्या बुशवर. आणि पिनियन सुटं मिळत नाही. दुसरं, धातूचा गियर जड. सेकंदाला इतक्या वेळा दिशा बदलणाऱ्या मोटरला ते वजन पुढे-मागे ढकलावं लागतं, करंट वाढतो, बोर्ड तापतो. तिसरं कुणी बोलत नाही: झडप कशाने तरी अडकली तर प्लॅस्टिकचा दात तुटतो आणि मोटर वाचते. धातूचा दात तुटत नाही, मोटर जळते.

पीक (उष्णता सोसणारं प्लॅस्टिक) किंवा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा, साच्यात ओतलेला नव्हे तर मशीनवर कापलेला गियर मिळाला तर तो घ्या. दातांच्या कडा हातात धरून बघा. साच्याची शिवण दाताच्या चेहऱ्यावरून जात असेल तर परत पाठवा. थ्रीडी प्रिंटवाले तर बघूच नका, व्हीमधल्या उष्णतेत ते मेणासारखे बसतात.

---

सीमाशुल्क_सांभाळा, ठाणे

वरची माहिती चोख आहे, पण निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही.

नाशिककरांनी सांगितलेल्या तिन्ही तपासण्या ज्याला जमतात त्याने किट टाकावं. गाडी दुसऱ्याच्या हातात देणार असाल तर हिशोब बदलतो. प्लेनम काढणं-बसवणं हे दोन्ही पर्यायांत सारखंच काम. किटाचं काम फसलं तर तीच मजुरी पुन्हा, आणि तेव्हा नवा अॅक्च्युएटर घ्यावा लागतोच. बोर्ड एवढी वर्षं त्या भट्टीत बसलाय, गियर कितीही चांगला टाका, बोर्डाचं वय कमी होत नाही. रोज वापरायच्या गाडीला मी नवाच सांगेन.

बाहेरून मागवणार असाल तर दाखवलेल्या किमतीवर भुलू नका. वाहनाचा सुटा भाग म्हणून ८७०८ या सीमाशुल्क क्रमांकाखाली गेला तर मूळ सीमाशुल्क १५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर तो २८ वरून १८ टक्के झालाय. माल आणि वाहतूक मिळून १०० रुपये धरले तर: १५ रुपये शुल्क, दीड रुपया अधिभार, ११६.५० वर १८ टक्के म्हणजे २०.९७, एकूण १३७.४७. वर कुरिअर कंपनीचा हाताळणी खर्च वेगळा. वाहतूकही करपात्र किमतीत धरली जाते हे लोक विसरतात. हे सगळं मिळवूनही कधीकधी इथल्या कोटेशनपेक्षा स्वस्त पडतं, कधी नाही. दोन्ही आकडे कागदावर मांडा.

तुटलेल्या गाडीतला जुना अॅक्च्युएटर मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त असो. त्याचेही तेच दोन दात झिजलेले असणार. ई६० एम५ च्या एस८५ व्ही१० मधून काढलेला लागतो म्हणून विकणारेही भेटतील. त्या गाड्या तर आणखी जुन्या.

---

पाना_नंबर_१०

किट की नवा हे तुमचं तुम्ही ठरवा, उघडायची पद्धत दोन्हीला तीच. सांगतो.

इंजिन पूर्ण थंड. चावी गाडीपासून लांब, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. केबिन फिल्टरचं घर आणि वरचे ब्रेस काढून जागा करा, मग एअरबॉक्स. प्लेनम हलवण्याआधी त्याच्याभोवतीची धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या. कंप्रेसरने फुंकू नका, तीच धूळ आत जाते. हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर, क्रँककेसचा श्वासनळा आणि बारीक व्हॅक्यूम पाईप सोडवा. जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा हमखास मोडतात, हेअर ड्रायरने जरा गरम करून दाबा. आठ तोंडांवरचे आठ क्लॅम्प लांब एक्स्टेन्शन आणि ६ च्या सॉकेटने ढिले करा, पूर्ण काढू नका. प्लेनम एका बाजूने नव्हे, समतोल वर ओढा.

प्लेनम निघाला की पहिलं काम: आठही तोंडं स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने बंद. इथून पुढे हातातून पडलेला प्रत्येक स्क्रू सरळ व्हॉल्व्हच्या दिशेने जाणार.

मग अॅक्च्युएटर. कुठला कुठल्या बँकेचा हे अंदाजाने ठरवू नका, दांडीचा माग काढत शाफ्टपर्यंत जा. दांडी बॉलवरून काढताना रुंद, बोथट प्लॅस्टिकचा तुकडा सॉकेटच्या अगदी जवळ लावून सरळ उचला. पेचकसाने तिरकं उचकटलं की सॉकेटची ओठी चिरते. दांडीची लांबी बदलू नका, थ्रॉटलवरच्या जुळणीच्या स्क्रूंना हात लावू नका. आठ झडपांचा समतोल तिथे आहे, आणि एकदा बिघडला की आयडलिंग पुन्हा जागेवर आणताना नाकी नऊ येतात.

दांडी सुटल्यावर तो आख्खा शाफ्ट हाताने फिरवून बघा. गुळगुळीत फिरून आपोआप बंद झाला पाहिजे. शाफ्टच जड असेल तर अॅक्च्युएटर विनाकारण मार खातोय, नवा टाकला तरी तोही जाईल. दोन मिनिटांची ही तपासणी कोटेशन देणारे सहसा करत नाहीत.

दोन्ही अॅक्च्युएटर एकसारखेच असतात. तरीही शंका असेल तर या टप्प्यावर त्यांची अदलाबदल करून दोष दुसऱ्या बँकेवर जातो का बघता येतं, पण त्यासाठी सगळं पुन्हा बसवून पुन्हा खोलावं लागतं. तुमच्या डेटावरून मला त्याची गरज वाटत नाही.

बँक १ चा विचारलात. काढून बघाच. आर्मला सुरुवातीच्या भागात हलकं पुढे-मागे करा. दुसऱ्याइतकाच खेळ लागला तर त्याचंही करून टाका, दोघांनी सारखंच सोसलंय. घट्ट आणि गुळगुळीत असेल तर परत बसवा. दोन्ही डोळे झाकून बदलायला सांगणारा मजुरी वाचवतोय हे खरं, फक्त पार्टचे पैसे तुमचे जातात.

खोबणीतलाच आयडल व्हॉल्व्ह आत्ता काढून साफ करा, त्याच्या ओ-रिंग नव्या टाका. चिरलेले रबरी होजही आत्ताच. हे पार्ट किरकोळ किमतीचे, पण त्यांच्यापर्यंत पोचायला हेच सगळं खोलावं लागतं.

---

गोथेनबर्गहून

इथे थोडं विषयांतर, पण कामाचं. १९९९ ते २००१ च्या व्होल्व्होंमध्ये, टी५ मॉडेलसकट, मॅग्नेटी मारेलीचं थ्रॉटल मॉड्यूल होतं. लक्षणं हुबेहूब हीच: आयडलिंग डुलणं, अचानक लिम्प मोड. लोकांनी थ्रॉटलची काजळी साफ केली, काही दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. कारण झिजत होता आतला पोटेन्शिओमीटर, त्याचा संपर्काचा पट्टा. काजळीचा संबंध थोडाच होता. अमेरिकेत कंपनीने त्या मॉड्यूलची वॉरंटी पुढे १० वर्षं किंवा २,००,००० मैलांपर्यंत वाढवली. तिथे टिकाऊ दुरुस्ती ठरली ती संपर्कविरहित सेन्सर आत बसवण्याची. नवं मॉड्यूल घेतलं तर डीलरकडून गाडीशी सॉफ्टवेअर जुळवून घ्यावं लागे, म्हणून दुरुस्तीचं पारडं जड होतं.

एस६५ मध्ये उलट आहे: झिजतं ते यांत्रिक आणि डोळ्यांना दिसतं. म्हणून नाशिककरांचं म्हणणं मला पटतं, मात्र पिनियन चांगलं असेल तरच. आणि विकणाऱ्याने "पूर्ण रीबिल्ड" म्हटलं तर विचारा, बोर्डावरचे सोल्डर जोड पुन्हा केलेत का, आणि तापवून चाचणी घेतली का. नुसते गियर बदलून रीबिल्डची किंमत लावणारे इथेही आहेत.

---

घाटमाथा_व्ही८

ठरलं. किट मागवतो, पिनियन खराब निघालं तर बँक २ ला नवा. बसवल्यावर शिकवणी कशी करायची तेवढं सांगा.

---

पाना_नंबर_१०

बॅटरीला चार्जर लावूनच करा. आयएसटीएमध्ये थ्रॉटलची जुनी अॅडाप्टेशन (आधी शिकलेल्या जागा) पुसा, कोड पुसा. मग इग्निशन ऑन, इंजिन बंद, पाय पॅडलपासून लांब, एक मिनिट थांबा. अॅक्च्युएटर स्वतःची बंद जागा शोधतो, हलकी घरघर ऐकू येते. इग्निशन बंद करा, आवाज पूर्ण थांबू द्या, मग स्टार्ट. आयडलवर पूर्ण तापू द्या, मध्ये पॅडलला हात-पाय लावू नका. नंतर तीच दहा सेकंदांची पॅडल चाचणी पुन्हा, गरम इंजिनावर, आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघा.

पुढच्या दोन-तीन दिवसांत मिश्रण पातळ असल्याचा कोड आला किंवा आयडल वर-खाली झालं, तर अॅक्च्युएटरकडे वळू नका. आठांपैकी एखादं रबर प्लेनमखाली दुमडलेलं असतं, नाहीतर श्वासनळ्याची क्लिप अर्धवट बसलेली असते. धुराची चाचणी (आत धूर सोडून गळती शोधणं) घेतली की पाच मिनिटांत सापडतं. क्लॅम्प हलक्या हाताने, कोपऱ्याकोपऱ्याने आवळा. जोर केला की आटे जातात, आणि मागच्या दोन क्लॅम्पचे गेले तर फायरवॉलपाशी हात घालायला जागा नाही.

काढलेला जुना अॅक्च्युएटर टाकून देऊ नका, बोर्ड चांगला असेल तर पुढेमागे कामाला येईल.